एकेचाळीस जणांचे डोळे

बारा बाय पंधरा इंचांचा फोटो असेल, तर माणसाच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका साधारण दीड मिलिमीटरचा भरतो. एवढ्याशा जागेत पुष्कळ काही मावते. ठिपका गोल असेल तर समोर दिवा होता. लांबट असेल तर ट्यूबलाइट होती. चौकोनी असेल तर खिडकी होती. आणि ठिपकाच नसेल, तर तो डोळा कुठेतरी चुकल्यासारखा वाटतो. काय चुकले ते सांगता येत नाही, पण लहान मूल अशा फोटोकडे पाहून तोंड फिरवते.

मला हे ठाऊक आहे, कारण मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. माझा व्यास अकरा सेंटिमीटर आहे. माझ्याभोवती पितळेचे कडे आहे आणि ते एका लोखंडी हाताला जोडलेले आहे. हा हात वर-खाली होतो, वळतो आणि हव्या त्या ठिकाणी थांबतो. माझ्याखाली धरलेली वस्तू अडीच पट मोठी दिसते. यापलीकडे मला काहीही करता येत नाही. बोलता तर मुळीच येत नाही. पण आज जे सांगायचे आहे ते माझ्याशिवाय सगळे कुणी पाहिलेले नाही, म्हणून ऐका.

मी मूळचे वाळूचे. वाळू वितळवून माझी चकती केली आणि एका कारागिराने ती ओल्या भुकटीने कित्येक दिवस घासली. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. तोवर मी पांढरट आणि आंधळे होते. ज्या दिवशी मी आरपार झाले, त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला तो त्याचा अंगठा. त्याच्यावरची रेघन् रेघ मला अजून आठवते. त्याचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नाही.

साईनाथने मला मुंबईच्या बाजारातून आणले, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. खोपोलीत शिळफाट्याच्या बाजारात त्याने नुकताच फोटो स्टुडिओ काढला होता. पुढच्या खोलीत पडदा आणि दिवे होते. मागच्या खोलीत चार तावदानांची एक खिडकी होती आणि त्या खिडकीशी माझे टेबल होते. फोटोवरचे डाग झाकणे, सुरकुत्या हलक्या करणे, भुवया नीट करणे, असे काम तिथे चाले. त्याला सगळे ‘टचिंग’ म्हणत. साईनाथ तीन केसांच्या ब्रशने ते करी. ब्रश टेकवताना तो श्वास रोखून धरी.

त्याची बघण्याची रीत वेगळी होती. तो म्हणे, “माणूस बघायचाच नाही. माणसावर पडलेला उजेड बघायचा. माणूस आपोआप दिसतो.” चहावाल्याच्या हनुवटीखाली स्टोव्हचा उजेड कसा चढतो, दुपारी डोळ्यांच्या खोबणीत सावली किती खोल उतरते, हे तो रस्त्याने चालताना मोजत असे. पावसाळ्यात बोरघाटातून धुके उतरले आणि बाजार त्यात बुडाला, की तो काम थांबवून खिडकीशी उभा राही. “धुक्यात कुणालाच सावली नसते,” तो एकदा म्हणाला होता. “म्हणून धुक्यातला माणूस आहे की नाही, याची खात्री वाटत नाही.”

आता त्या कामाबद्दल सांगते, ज्यामुळे त्याचे नाव खालापूरपासून कर्जतच्या पलीकडे गेले.

त्या काळी पुष्कळ माणसे एकही फोटो न काढता मरत. मग घरचे लोक साईनाथला बोलावून नेत. तो मेलेल्या माणसाचा फोटो काढी आणि दहाव्याच्या आत मोठा करून देई. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो कुणी भिंतीला लावत नसे. तसा फोटो लावला की घर झोपते, असे जुनी माणसे म्हणत. म्हणून साईनाथ त्या फोटोत डोळे काढी. या कामाला ‘डोळे उघडणे’ म्हणत.

त्याची एक पद्धत होती. मेलेल्या माणसाच्या रक्ताच्या कुणाला तरी, मुलाला, बहिणीला, पुतण्याला, तो स्टुडिओत बोलावी. खिडकीसमोरच्या स्टुलावर बसवी. मग माझा लोखंडी हात वळवून मला त्यांच्या डोळ्यांसमोर धरी. बुबुळाची कड, पापणीचा बाक, कोपऱ्यातला लालसरपणा तो नीट पाही आणि फोटोवर उतरवी. “डोळे घरातच असतात,” तो म्हणे, “माणूस गेला तरी.” लोक फोटो घ्यायला येत, बघत आणि रडू लागत. मला त्या कामाचा अभिमान वाटे. ते काम प्रामाणिक होते.

साईनाथचे लग्न सुगंधाशी झाले. सुगंधा हसरी होती आणि तिला एक खोड होती. फोटो काढताना तिचे डोळे मिटत. लग्नात नवरीने मान खाली घालायची म्हणून त्या फोटोंत डोळे नव्हतेच. पुढे फ्लॅश उडाला की ती डोळे मिटून घेई. खिडकीच्या उजेडात बसवले तर तिला हसू फुटे, आणि हसली की डोळे नाहीसेच होत.

“अगं, एकदा तरी उघडे ठेव!” साईनाथ वैतागून म्हणे.

“तुमचा तो फ्लॅश म्हणजे वीज पडल्यागत होतं. आणि इतकी काय घाई? मी काय पळून चाललेय?”

त्यांची मुलगी समिधा अडीच वर्षांची असताना श्रावणात सुगंधाला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली.

साईनाथकडे तिचे फोटो होते. सगळ्यांत डोळे मिटलेले होते. शंभर घरांतल्या माणसांचे डोळे उघडणारा साईनाथ टेबलाशी बसला, सुगंधाचा फोटो माझ्याखाली ठेवला आणि त्याने ब्रश उचलला. ब्रश कागदाला टेकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दहावा झाला, तेरावा झाला. भिंत मोकळी राहिली. शेवटी त्याने सगळे फोटो पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डबा वरच्या फळीवर सरकवला.

समिधा सहा वर्षांची झाल्यावर तिने विचारले, “आपल्याकडे सगळ्यांचे फोटो आहेत. आईचा का नाही?”

“पाण्याने खराब झाले,” साईनाथ म्हणाला. “एका पावसात गेले सगळे.”

तेव्हापासून ती पोर आरशासमोर उभी राहून तोंड वेडेवाकडे करी. आपल्या तोंडातून आईचे तोंड निघते का, ते पाही. आईचा चेहरा कसा होता, हे तिला जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवे होते. फळीवरचा डबा तिच्या डोक्याच्या चार फूट वर होता. मला ते माहीत होते आणि मला बोलता येत नव्हते.

पण मधल्या काळात जे सुरू झाले होते, ते मला त्याहून वाईट वाटते.

सुगंधा गेल्यावर आठ महिन्यांनी खालापूरकडच्या एका गावातून बोलावणे आले. येसूबाईंचा धाकलू, वय एकोणीस, आंब्याच्या झाडावरून पडून गेला होता. साईनाथ फोटो काढून आला. या वेळी त्याने धाकलूच्या घरच्या कुणाला बोलावले नाही. त्याने स्वतःच्या मुलीला, तीन वर्षांच्या समिधाला, स्टुलावर बसवले आणि माझा हात तिच्याकडे वळवला.

“बाबा, हा कोण आहे?” फोटोकडे बोट दाखवत तिने विचारले.

“एक दादा आहे. झोपलाय.”

“मग मी कशाला बघू?”

“तू बघ, म्हणजे त्याला दिसेल.”

मुलीचे डोळे आईवर गेले होते. साईनाथला सुगंधाचे डोळे शोधायचे होते आणि त्याच्या पद्धतीप्रमाणे ते रक्ताच्या माणसातच सापडणार होते. पण सुगंधाच्या फोटोवर चूक करायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने आधी दुसऱ्यांच्या माणसांवर हात बसवायचे ठरवले. एकदा जमले की मग तिचा फोटो घ्यायचा.

धाकलूचे डोळे उघडले. रंग ओला असतानाच फोटोतल्या धाकलूने वर पाहिले. मित्रांनो, मी काचेचे आहे, मला थंडी वाजत नाही. तरीही त्या क्षणी मला मागे सरावेसे वाटले. एकोणीस वर्षांच्या मेलेल्या मुलाच्या चेहऱ्यातून तीन वर्षांची जिवंत मुलगी माझ्याकडे बघत होती.

साईनाथ म्हणाला, “अजून नाही जमलं.”

त्यानंतर दुसरे बोलावणे आले. मग तिसरे. प्रत्येक वेळी स्टुलावर समिधाच बसली. नऊ वर्षांत एकेचाळीस माणसांचे डोळे त्याने तसे उघडले. पांढऱ्या मिशांचे आजोबा होते, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या होत्या, एक पैलवान होता. लोक म्हणत, “साईनाथ, आता तर जिवंतच वाटतात रं!” आणि प्रत्येक वेळी ब्रश धुताना तो म्हणे, “अजून नाही जमलं.”

पुढे घरोघर मोबाइल आले. प्रत्येकाचे हजार फोटो असू लागले. डोळे उघडायचे काम संपले, ब्रश वाळले आणि मला हातासकट टेबलावरून काढून खालच्या खणात टाकले. खोपोलीच्या दमट हवेत माझ्या काचेवर बुरशी चढली. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे कडेपासून मध्यभागाकडे वाढत गेले. चौदा वर्षे मी खणाचे लाकूड पाहिले. नंतर तेही धूसर झाले.

या वर्षी गणपतीच्या सुट्टीत खण उघडला. उघडणारी समिधा होती. आता ती सत्तावीस वर्षांची आहे. तिने भौतिकशास्त्र शिकून इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली आहे. तिने मला साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, मऊ कापडाने टिपले, उन्हात ठेवले आणि पुन्हा जुन्या जागी बसवले. किती तरी वर्षांनी मला उजेड सापडला.

वडिलांचे जुने फोटो संगणकात घालायचे तिने मनावर घेतले होते. प्रत्येक कामाची एक प्रत साईनाथने ठेवली होती, तारखेसह. समिधा दुपारभर फोटो एकेक करून स्कॅनरवर ठेवत होती. संगणकातला प्रोग्राम चेहरे ओळखून वेगवेगळे गठ्ठे करत होता. त्याच संगणकात तिचे कॉलेजातले फोटोही होते.

थोड्या वेळाने पडद्यावर पांढऱ्या मिशांचे एक आजोबा आले. खाली प्रश्न होता: ही समिधा आहे का?

ती हसली. पुढच्या खोलीकडे मान वळवून ओरडली, “बाबा, हा संगणक खुळा झालाय. मला मिशा लावतोय.”

मग पदर घेतलेली आजी आली. ही समिधा आहे का? मग तो पैलवान. ही समिधा आहे का? मग एकामागून एक तेच. ती हसायची थांबली. तिने पडद्यावर सगळे चेहरे ओळीने मांडले आणि दोन कागदांनी वरचा व खालचा भाग झाकून फक्त डोळ्यांच्या पट्ट्या उघड्या ठेवल्या. मग तिने ते तारखांप्रमाणे लावले.

पहिले डोळे अगदी लहान मुलीचे होते. पुढचे थोडे मोठे. एका सत्तरीच्या म्हातारीत सात वर्षांची मुलगी होती. शेवटच्या आजोबांचे डोळे बारा वर्षांचे होते आणि जरा कंटाळलेले. एकेचाळीस मेलेल्या माणसांतून समिधा मोठी होत गेली होती.

 मग तिने धाकलूचा कागदावरचा फोटो घेतला, माझ्याखाली धरला आणि वाकली. मला एका बाजूने तिचा डोळा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूने तोच डोळा, चोवीस वर्षांनी लहान. दीड मिलिमीटरच्या ठिपक्यात चार तावदाने होती. ज्याचा जिवंतपणी कधी फोटो निघाला नाही, त्या मुलाच्या डोळ्यात या खोलीतली खिडकी होती. खालच्या तावदानात एक काळा उंचवटा होता. स्टुलावरच्या मुलीसमोर वाकलेले डोके. साईनाथने जे दिसले ते सगळे काढले होते, स्वतःसकट.

तिने फोटो खाली ठेवला.  रात्री जेवायला बसण्याआधी तिने आरसा भिंतीकडे वळवून ठेवला.

दोन दिवसांनी पितृपक्ष लागणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकलूची आई येसूबाई आल्या. पंच्याहत्तरीच्या, काठी टेकत, टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम काखेत.

“काय रं सायनाथ, डोक्यावरची क्यासं कुठं ठेवलीस?”

“गणपतीबरोबर विसर्जन केली मावशी.”

“आनि प्वाट मातर घरीच ठेवलंस व्हय!”

हसत हसत त्या मागच्या खोलीत आल्या आणि टेबलावर फ्रेम उघडली. ओल लागून धाकलूच्या शर्टावर डाग पडले होते.

“नवा काढून दे. पित्तरांना लावायचा हाय.” मग त्यांचा आवाज उतरला. “आनि एक सांगू का? रागावू नको. ह्ये डोळे माज्या धाकलूचे नाय रं. माजा पोरगा बघायचा त्यो हासून बघायचा. ह्यो मला काय तरी विचारतो. पंचवीस वर्सं विचारतोय. मला उत्तर ठावं नाय. मागं शेलूला सोनुबायकडं गेले, माजी वीहीन. तितं तिच्या सासऱ्याच्या फोटोतनं त्योच बघत व्हता. म्हटलं, धाकल्या, तू हितं कसा रं? सोनुबाय म्हनली, येडी झालीस.”

 समिधा खिडकीशी उभी होती. ती पुढे आली, तिच्या तोंडावर उजेड पडला आणि येसूबाई थबकल्या.

“थांब गं पोरी. इकडं बघ.”

त्यांनी फ्रेम उचलली आणि समिधाच्या गालाशी धरली. काठी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

“सायनाथ, ह्ये काय रं केलंस?”

“मावशी,” समिधा हळूच म्हणाली, “मी तीन वर्षांची होते. मला त्या स्टुलावर बसवलं होतं.”

येसूबाईंनी फ्रेम पालथी घातली. “म्हंजी पंचवीस वर्सं मी जित्या पोरीला पित्तरांचा घास दावला? दर वर्साला पान मांडून, हात जोडून, ये बाबा, जेव बाबा...”  त्यांनी हात समिधाच्या दोन्ही गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटे मोडली. एकदा, दोनदा, तीनदा.

“तुज्यावर काय येऊ नये गं बाय. मला ठावं नवतं.”

मग त्या साईनाथकडे वळल्या. मला वाटले, आता शिव्या देतील. तोही त्यासाठी मान खाली घालून उभा होता.

“मीट त्याचे डोळे,” त्या म्हणाल्या. “आता कंपूटर हाय ना? मीट.”

“मिटायला नकोत मावशी,” साईनाथ म्हणाला. “मुळातली निगेटिव्ह आहे. तीत मिटलेलेच आहेत. पण तसा फोटो लावत नाहीत. लोक...”

“लोकांच्या भिताडावर लावायचाय का? मी जलम दिला त्याला. हजार येळा निजताना बघितलाय. निजल्यावर त्यो माजाच दिसायचा. तसाच दे.”

साईनाथने निगेटिव्ह शोधून दिली आणि समिधाने फोटो मोठा करून कागदावर काढला. मिटल्या डोळ्यांचा धाकलू माझ्याखाली आला. एका भुवईत आंब्याचे बारीक पान अडकले होते. जुन्या फोटोत साईनाथने ते झाकून टाकले होते. येसूबाईंनी माझ्यातून वाकून पाहिले, पानावर बोट ठेवले, आणि मला त्यांच्या डोळ्यात पाणी दिसले, अडीच पट मोठे. “हां,” त्या म्हणाल्या, “ह्यो धाकलू.”

त्या गेल्यावर खोलीत तिघेच उरलो. समिधा, तिचे वडील आणि मी.

“बाबा,” ती म्हणाली, “चाळीस घरं अजून आहेत. तिथं आपण जाऊ. मी येईन बरोबर. पण मला एक सांगा. दर वेळी तुम्ही ‘अजून नाही जमलं’ म्हणायचात. हा सगळा सराव कुणासाठी होता?”

साईनाथ स्टुलावर बसला. बाहेर घाटाकडून ढग उतरत होते आणि तावदानांतला उजेड कमी कमी होत होता. त्याची नजर वरच्या फळीवर गेली.

मित्रांनो, तो फळीकडे बघतो आहे तोवर माझे एक मागणे ऐका. भिंगे, लेन्स, कॅमेरे खणात कोंडून ठेवू नका. त्यांना कोरडे ठेवा, अधूनमधून उजेड दाखवा. काचेवरची बुरशी वेळेवर धुतली तर जाते. फार वर्षे राहिली तर काच खाते आणि मग डाग कायमचा राहतो. घरातल्या फोटोंच्या मागे नावे लिहून ठेवा. आणि एखादा फोटो मनासारखा आला नाही म्हणून तो कुणापासून लपवू नका. ज्याला तो हवा असतो, त्याला तो सुंदर नको असतो. खरा हवा असतो.

साईनाथ उठला. स्टुलावर चढला, फळीवर हात घातला आणि पत्र्याचा डबा खाली घेतला. झाकण गंजून बसले होते. त्याने ते उघडले नाही. डबा त्याने मुलीच्या हातात दिला.

“समे, आईचे फोटो पाण्यात गेले नाहीत. मी खोटं बोललो. सगळ्यांत तिचे डोळे मिटलेले आहेत, आणि आता मी ते उघडणार नाही. तुला आवडेल तो निवड. आज भिंतीला लावू.”